रोगग्रस्त ऊतीसाठी संदर्भ जनुक कसे निवडावे?

दिल्ली, फरिदाबाद, मानेसर, नोएडा या पट्ट्यातल्या संशोधन संस्थांमध्ये महाराष्ट्रातून आलेले विद्यार्थी बरेच भेटतात. कोणी एम्समध्ये असते, कोणी जेएनयूत, कोणी राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत, तर कोणी फरिदाबादच्या जैवतंत्रज्ञान संकुलात. विषय वेगवेगळे असले तरी अनेकांच्या प्रबंधातले एक प्रकरण सारखे असते. रुग्णाच्या ऊतीतून आरएनए काढायचा, त्याचे सीडीएनए करायचे, आरटी-क्यूपीसीआर चालवायचे आणि अमुक जनुकाची अभिव्यक्ती रोगात वाढली की घटली ते सांगायचे. हा लेख त्या प्रकरणाच्या पहिल्या पायरीबद्दल आहे. नागपूर, पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयात हेच काम करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

सांगायचे आहे ते एकच. संदर्भ जनुक पुस्तकातून किंवा शेजारच्या प्रयोगशाळेतून उचलू नका; ते तुमच्या रोगात, तुमच्या ऊतीत, तुमच्याच नमुन्यांवर सिद्ध करा, आणि लक्ष्य जनुकाला हात लावण्यापूर्वी करा.

दीड फेरीची चूक किती महाग पडते

क्यूपीसीआरमध्ये मिळणारा सीटी आकडा म्हणजे चमक ठरलेल्या रेषेपर्यंत पोचायला लागलेल्या फेऱ्या. प्रत्येक फेरीत माल दुप्पट होतो, म्हणून एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. दोन नमुन्यांत मुळात आरएनए कमी-जास्त पडला असेल किंवा सीडीएनए कमी-जास्त बनले असेल, तर लक्ष्य जनुकाचा सीटी नुसता पाहून काही कळत नाही. म्हणून दोन्हीकडे सारखेच असणारे दुसरे जनुक, म्हणजे संदर्भ जनुक, मोजतात आणि त्याच्या तुलनेत लक्ष्य जनुक पाहतात. केनेथ लिवाक आणि थॉमस श्मिटगेन यांनी २००१ मध्ये मांडलेली डेल्टा-डेल्टा सीटी पद्धत हीच.

एक उदाहरण घ्या. निरोगी ऊतीत लक्ष्य जनुकाचा सीटी २६ आहे आणि संदर्भ म्हणून घेतलेल्या जीएपीडीएचचा १८. फरक ८. रोगग्रस्त ऊतीत लक्ष्य जनुक २६ वरच आहे, म्हणजे ते बदललेले नाही. पण रोगामुळे जीएपीडीएचच वाढले आणि त्याचा सीटी १६.५ झाला. आता फरक ९.५. दीड फेरीच्या या तफावतीचा अर्थ सूत्र असा लावते, की लक्ष्य जनुक ३५ टक्क्यांवर घसरले. प्रत्यक्षात ते जागचे हललेले नाही. आलेखावर मात्र ठसठशीत घट दिसते, संख्याशास्त्रही तिला दुजोरा देते, कारण चूक प्रत्येक रोगग्रस्त नमुन्यात एकाच दिशेने झालेली असते. नमुने वाढवून ही चूक जात नाही, उलट पक्की होते.

मोजण्याचा आधार स्थिर असला की काय साधते ते यमुनेवरून कळते. तिच्या पुराची पातळी दिल्लीत जुन्या लोहपुलापाशी मोजतात. १३ जुलै २०२३ रोजी तिथे २०८.६६ मीटरची नोंद झाली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराचे हे आकडे शेजारी ठेवता येतात, कारण मोजण्याचा आधार तोच आहे. रोगग्रस्त ऊतीत असा आधार आयता मिळत नाही, तो शोधावा लागतो.

कोविडच्या काळात सर्वांच्या ओळखीच्या झालेल्या आरटी-पीसीआर चाचणीतही एक मानवी जनुक सोबत तपासले जात असे. बऱ्याच किटांमध्ये ते आरनेज-पी असे. त्याचे काम वेगळे होते. नाकातून नमुना नीट घेतला गेला आणि प्रक्रिया चालली, एवढीच खात्री त्याने द्यायची. अभिव्यक्ती किती पट बदलली हे सांगण्याचा भार त्याच्यावर नव्हता. तेव्हा निदानाच्या किटमधले नियंत्रण जनुक उचलून अभिव्यक्तीच्या अभ्यासात वापरू नका.

घरकामाची जनुकेही रोगात हलतात

पेशीला जगायला सतत लागणारी, म्हणजे घरकामाची (हाउसकीपिंग) जनुके स्थिर असणार, असे आपण गृहीत धरतो. पण रोग बहुतेक वेळा पेशीच्या याच रोजच्या कामांत ढवळाढवळ करतो.

जीएपीडीएच हे ग्लुकोज तोडणाऱ्या साखळीतले विकर आहे. अर्बुदाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी पडला की ही साखळी वेग घेते आणि जीएपीडीएच वाढते. इन्सुलिनही त्याला वाढवते, म्हणून मधुमेहाच्या अभ्यासात ते जोखमीचे. चेतवलेल्या टी पेशींतही ते वाढते. बीटा-ॲक्टिन म्हणजे एसीटीबी हे पेशीच्या सांगाड्याचे जनुक. पेशी आकार बदलते, सरकते, जखम भरून येते, तंतुमयता वाढते, तेव्हा ते स्थिर राहील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. बी२एम रोगप्रतिकारासाठी पेशीच्या पृष्ठभागावर लागणाऱ्या रेणूचा भाग आहे. इंटरफेरॉन त्याला वाढवते, त्यामुळे क्षयरोग किंवा विषाणुजन्य यकृतदाह असलेल्या ऊतीत ते टाळलेले बरे. उलट काही कर्करोगांत पेशी ते गमावून बसतात. टीएफआरसी हे लोह आत घेणाऱ्या ग्राहीचे जनुक; लोहाची कमतरता असली की त्याचा आरएनए जास्त टिकतो. आपल्याकडच्या रुग्णांत रक्तक्षय किती आढळतो हे लक्षात घेता त्याच्याबाबत सावध राहा.

१८एस आरआरएनएचा प्रश्न निराळा. त्याला पॉली-ए शेपूट नसते. सीडीएनए ऑलिगो-डीटीने बनवले असेल तर १८एसचा आकडा भरवशाचा राहत नाही. शिवाय ते इतके मुबलक असते, की सव्विसाव्या-अठ्ठाविसाव्या फेरीला दिसणाऱ्या जनुकाची त्याच्याशी तुलना अवघड होते.

कर्करोगात आणखी एक गोष्ट तपासा: उमेदवार जनुक कोणत्या गुणसूत्रावर, कुठे आहे. जीएपीडीएच बाराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे आणि वृषणाच्या जननपेशी-अर्बुदात नेमकी हीच भुजा जादा प्रतींत आढळते. वायडब्ल्यूएचएझेड आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे आणि स्तनाच्या कर्करोगात तो भाग वारंवार वाढलेला असतो. जनुकाच्या प्रतीच वाढल्या असतील तर अभिव्यक्ती स्थिर राहण्याची शक्यता कमी होते.

पहिली पायरी: तुलना कशाशी आहे ते ठरवा

पित्ताशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ, कारण गंगेच्या खोऱ्यात आणि दिल्लीत स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे आणि इथल्या प्रयोगशाळा त्यावर काम करतात. कर्करोगाची ऊती शस्त्रक्रियेत मिळते. निरोगी पित्ताशय मात्र कोणी काढत नाही. तुलनेला मिळते ते बहुधा खड्यांसाठी काढलेले पित्ताशय, आणि त्यात जुना दाह असतो. म्हणजे तुमच्यासमोर कर्करोग विरुद्ध निरोगी अशी तुलना नसून कर्करोग विरुद्ध दाह अशी आहे. संदर्भ जनुक या दोन्ही अवस्थांत स्थिर ठरले पाहिजे. निरोगी ऊतीवर झालेला जुना अभ्यास इथे कामाचा नाही.

दुसरा प्रश्न ऊतीच्या घडणीचा. अर्बुदाच्या तुकड्यात कर्कपेशी, तंतुपेशी, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी सगळे मिसळलेले असते. तुलनेच्या तुकड्यात कदाचित अस्तर कमी आणि स्नायू जास्त. हा फरक कोणतेही संदर्भ जनुक भरून काढत नाही. म्हणून गोठवलेल्या तुकड्याचा एक पातळ काप रंगवून विकृतिशास्त्रज्ञाला दाखवा आणि त्यात अर्बुदाचा भाग किती टक्के आहे ते लिहून घ्या. मर्यादा आधी ठरवा. तिच्याखालचे नमुने बाजूला ठेवा.

मेंदूच्या ऊतीत हाच प्रश्न जास्त कठीण होतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा भाग ताजा असतो, तर तुलनेची ऊती अनेकदा शवविच्छेदनातून येते. मृत्यूनंतर गेलेल्या तासांचा परिणाम आरएनएवर होतो आणि तो रोगाच्या परिणामासारखा भासू शकतो. अशा वेळी दोन्ही गटांतल्या आरएनएचा दर्जा आणि काळ यांची नोंद हाच पहिला पुरावा.

दुसरी पायरी: आरएनए वाचवा

शस्त्रक्रियागृहातून ऊती बाहेर पडते तेव्हापासून घड्याळ चालू होते. रक्तपुरवठा कधी बंद केला आणि तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात कधी गेला, या दोन्ही वेळा चिठ्ठीवर लिहा. दिल्लीच्या मे-जूनमध्ये रुग्णालय एका टोकाला आणि प्रयोगशाळा फरिदाबाद किंवा मानेसरला असेल तर वाहतूक ड्राय आइसवरच हवी. दोन्ही गटांचे नमुने एकाच पद्धतीने हाताळा. कर्करोगाचे नमुने लगेच गोठवले आणि खड्यांचे दुपारपर्यंत ट्रेमध्ये राहिले, तर त्या दिरंगाईचाच फरक तुम्ही मोजाल.

आरएनएचा दर्जा १ ते १० च्या आरआयएन मापाने पाहा आणि दोन्ही गटांत तो सारखा आहे का ते तपासा. आरएनएसोबत आलेला डीएनए नष्ट करणारी डीनेज प्रक्रिया टाळू नका. जीएपीडीएच आणि एसीटीबी यांच्या छद्मजनुकांच्या कितीतरी प्रती आपल्या जीनोममध्ये आहेत. त्यांत इंट्रॉन नसल्याने एक्सॉनच्या सांध्यावर बेतलेला प्रायमरही त्यांना पकडू शकतो. म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेले नियंत्रण प्रत्येक वेळी ठेवा.

पित्ताशयाच्या बाबतीत पित्ताचे क्षार पीसीआरला अडथळा आणतात. तुकडा गोठवण्यापूर्वी थंड बफरने धुवा आणि नंतर सीडीएनए दहापट पातळ करून पाहा. सीटी सुमारे ३.३ फेऱ्यांनी पुढे गेला पाहिजे. त्याहून बराच कमी सरकला तर अडथळा शिल्लक आहे.

तिसरी पायरी: वेगवेगळ्या खात्यांतले उमेदवार निवडा

आठ ते दहा उमेदवार घ्या. ती पेशीच्या वेगवेगळ्या कामांतली असू द्या. पित्ताशयासाठी अशी यादी धरता येईल: आरपीएलपी० (रायबोसोम), टीबीपी (जनुकवाचनाची सुरुवात), एचपीआरटी१ (प्युरिन), एचएमबीएस (हीम), जीयूएसबी (लायसोसोम), वायडब्ल्यूएचएझेड (संदेशवहन), यूबीसी (प्रथिनांची विल्हेवाट), पीपीआयए (प्रथिनांची घडी), एसडीएचए (तंतुकणिका) आणि तुलनेसाठी जीएपीडीएच. अमुक जनुक टिकेल असे भाकीत ही यादी करत नाही. ती फक्त परीक्षेला बसणाऱ्यांची यादी आहे. त्या रोगाचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा खुला साठा उपलब्ध असेल तर त्यातून कमी चढउतार असलेली आणखी दोन-तीन जनुके निवडा.

लक्ष्य जनुकाच्या पातळीच्या जवळपासची उमेदवार जनुके असणेही महत्त्वाचे. लक्ष्य जनुक विरळ असेल तर टीबीपी किंवा एचएमबीएससारखे विरळ जनुक जास्त उपयोगी. आणि तुमच्या रोगाचा मार्ग ज्या जनुकाला थेट स्पर्श करतो ते वगळा.

प्रत्येक प्रायमर जोडीची कार्यक्षमता मोजा. दहापट विरलनांच्या आलेखाचा उतार उणे ३.३२ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के, उणे ३.५८ ते उणे ३.१० म्हणजे ९० ते ११० टक्के, आणि हा पट्टा चालतो. वितळण्याच्या वक्रात एकच शिखर दिसले पाहिजे. पॅराफिनमध्ये जतन केलेल्या ऊतीतला आरएनए तुटलेला असतो, तिथे ६० ते १०० बेसच्या आखूड तुकड्यासाठी प्रायमर आखा.

चौथी पायरी: पाच प्लेटांत चाचणी

प्रत्येक गटातले किमान आठ नमुने घ्या, म्हणजे सोळा. एका जनुकाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर ठेवा, म्हणजे प्लेटांमधला फरक जनुकाच्या हिशेबात शिरत नाही. ९६ कप्प्यांच्या प्लेटवर दोन जनुके सहज बसतात: सोळा नमुने, दोन प्रती, दोन जनुके मिळून ६४ कप्पे, पाच विरलनांच्या प्रमाण आलेखाला २०, साच्याविना नियंत्रणाला ४, उरलेले ८ रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना नियंत्रणाला. दहा जनुकांना पाच प्लेटा पुरतात. आठवड्याभराचे हे काम पुढची कित्येक वर्षे वाचवते.

सर्व नमुन्यांत आरएनए समान मोजून घाला आणि सीडीएनए एकाच किटने, शक्यतो एकाच दिवशी बनवा.

पाचवी पायरी: आकडे वाचा, क्रमवारीवर विसंबू नका

या कामासाठी दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठातल्या यो व्हांडेसोम्पेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जीनॉर्म मांडले. दोन जनुकांचे गुणोत्तर सर्व नमुन्यांत किती टिकते यावरून ते प्रत्येक जनुकाला एम मूल्य देते. जितके कमी तितके चांगले. एकसारख्या नमुन्यांत ०.५ च्या आत आणि अर्बुदासारख्या मिश्र ऊतीत १ च्या आत ते असावे. त्याच शोधनिबंधाने दाखवले, की एकाच जनुकावर विसंबल्यास एक चतुर्थांश प्रसंगांत तिपटीहून आणि दहा टक्के प्रसंगांत सहापटीहून मोठी चूक होऊ शकते.

जीनॉर्मची मर्यादा लक्षात ठेवा. दोन जनुके हातात हात घालून वर-खाली होत असतील तर त्यांचे गुणोत्तर टिकते आणि दोन्ही पहिल्या क्रमांकावर येतात. जीएपीडीएच आणि पीजीके१ ही दोन्ही ग्लुकोजच्या साखळीतली, प्राणवायू कमी पडला की दोन्ही वाढणारी. ती एकत्र यादीत असतील तर निकाल फसवा येऊ शकतो. म्हणूनच उमेदवार वेगवेगळ्या खात्यांतले हवेत.

डेन्मार्कमधल्या आरहूस इथे क्लाउस अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मूत्राशय आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर काम करताना नॉर्मफाइंडर मांडले. ते गटाच्या आतला चढउतार आणि दोन गटांमधला फरक वेगवेगळा मोजते. रोगग्रस्त ऊतीच्या अभ्यासात तुमचा खरा प्रश्न दुसऱ्या भागाचा असतो, म्हणून नॉर्मफाइंडर चालवाच, आणि नमुन्यांचे गट त्यात स्पष्ट नोंदवा. बेस्टकीपर आणि डेल्टा सीटी या पद्धती जोडीला घ्या. सगळ्यांची मिळून क्रमवारी देणारे रेफफाइंडर सोयीचे आहे, पण त्यात कच्चे सीटी टाकले की प्रायमरांची कार्यक्षमता हिशेबात येत नाही, हे विसरू नका.

क्रमवारीत कोणीतरी पहिले येणारच, सगळी जनुके अस्थिर असली तरी. म्हणून पहिल्या दोन-तीन जनुकांचे दोन्ही गटांतले सरासरी सीटी थेट ताडून पाहा. पी मूल्य ०.०५ हून मोठे आले म्हणजे फरक नाही असे सिद्ध होत नाही. आठ नमुन्यांत फरक निसटू शकतो. त्याऐवजी किती फरक चालेल ते आधी ठरवा, समजा अर्धी फेरी, म्हणजे सुमारे १.४ पट, आणि फरकाचा विश्वास अंतराल त्या मर्यादेत बसतो का ते पाहा.

सहावी पायरी: किती जनुके, आणि एकही टिकले नाही तर?

जीनॉर्म आणखी एक आकडा देते: आणखी एक जनुक घातल्याने हिशेब किती बदलतो. तो ०.१५ च्या खाली गेला की पुढचे जनुक घालण्याची गरज नाही. बहुतेक ऊतींत दोन ते तीन जनुके पुरतात. त्यांच्या प्रमाणांचा भूमितीय मध्य घ्या. कार्यक्षमता सारखी असेल तर सीटींची साधी सरासरी घेणे म्हणजेच प्रमाणांचा भूमितीय मध्य, कारण सीटी हे लघुगणकी माप आहे. कार्यक्षमता वेगळी असेल तर आधी दुरुस्ती करा.

एकही जनुक टिकले नाही, तर आधी आरएनएच्या दर्जाकडे आणि ऊतीच्या घडणीकडे वळा. दोष बहुधा तिथेच सापडतो. नंतर उमेदवार बदला. तरीही जमले नाही तर गट लहान करा, उदाहरणार्थ एकाच अवस्थेचे रुग्ण किंवा एकाच रुग्णाचे अर्बुद आणि लगतची ऊती अशा जोड्या.

निवड झालेली असते, तिथे काय दिसते

रक्ताच्या कर्करोगात हे काम जगभर किती गांभीर्याने झाले ते पाहण्याजोगे आहे. 'युरोप अगेन्स्ट कॅन्सर' कार्यक्रमात चौदा उमेदवार तपासून २००३ मध्ये एबीएल, बी२एम आणि जीयूएस ही तीन निवडली गेली, आणि निरोगी व रोगग्रस्त नमुन्यांत फरक न दाखवणाऱ्या एबीएलची शिफारस झाली. आज दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाचा बीसीआर-एबीएल अहवाल दिल्लीत निघो वा मुंबईत, त्यातला खोल प्रतिसाद मान्य व्हायला संदर्भ जनुकाच्या किमान प्रती मोजल्या जाव्या लागतात. खोल प्रतिसादाच्या एमआर४ या पातळीसाठी एबीएलच्या १०,००० आणि एमआर४.५ या पातळीसाठी ३२,०००. उपचाराची गोळी थांबवायची की नाही, हा निर्णय या आकड्यांवर अवलंबून असतो.

स्तनाच्या कर्करोगाची ऑन्कोटाइप डीएक्स चाचणी सोळा जनुके मोजते आणि त्यांच्यासाठी पाच संदर्भ जनुके वापरते. त्यांत एसीटीबी आणि जीएपीडीएचही आहेत. ज्यांना आपण इथे संशयाने पाहिले, तीच तिथे चालतात, कारण त्या ऊतीत ती तपासली गेली आणि एकटी नव्हे तर पाच जणांच्या सरासरीत वापरली गेली. जनुक मुळात चांगले किंवा वाईट नसते; ते कोणत्या ऊतीत तपासले, यावर ते ठरते.

दिल्लीतही या शिस्तीचा जुना दाखला आहे, भातपिकातला. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात जितेंद्र खुराना, अखिलेश त्यागी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये भाताची दहा जनुके वेगवेगळ्या नमुन्यांत तपासली. सर्व ऊती-नमुन्यांत यूबीक्यू५ आणि ईईएफ-१ अल्फा स्थिर ठरली, तर वेगवेगळ्या पर्यावरणीय परिस्थितींत १८एस आणि २५एस पुढे आली. एकाच वनस्पतीत परिस्थिती बदलली की उत्तर बदलते, तर माणसाच्या रोगग्रस्त ऊतीत ते एकच राहील असे का मानावे?

लिहिताना काय द्याल

क्यूपीसीआरसाठी २००९ मध्ये आलेल्या आणि २०२५ मध्ये सुधारलेल्या एमआयक्यूई (MIQE) मार्गदर्शक तत्त्वांची यादी प्रयोग आखतानाच शेजारी ठेवा. प्रबंधात आणि शोधनिबंधात आरएनएचा दर्जा, प्रायमरांचे क्रम, कार्यक्षमता, तपासलेले सगळे उमेदवार, प्रत्येकाचे एम मूल्य आणि निवडीचे कारण द्या. नापास झालेल्या जनुकांचे आकडेही पुरवणीत द्या. सेवाग्रामच्या किंवा संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला तोच रोग अभ्यासायचा असेल तर तुमच्या नापास यादीने त्याचे महिने वाचतील.

मार्गदर्शक म्हणतील, 'आपल्याकडे जीएपीडीएचच वापरतात.' तेव्हा वाद घालू नका. पाच प्लेटांची परवानगी मागा, जीएपीडीएच यादीत ठेवा आणि आकडे त्यांच्यासमोर ठेवा. ते टिकले तर आनंदाने वापरा. नाही टिकले, तर प्रबंधाचे प्रकरण आजच वाचले. संमतिपत्रावर सही करून रुग्णाने जी ऊती दिली आहे ती पुन्हा मिळणार नाही. तिच्यावरून निघणारा आकडा खरा असावा एवढी मेहनत आपण घ्यायलाच हवी.